शहरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

आमच्या मेकॅनिकलच्या मुलांना कुठलीही नवी गाडी दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला. ॲव्हरेज किती देते? पंचेचाळीस, पन्नास, साठ... आकडा ऐकला की आम्ही खूश! इंजिनची एफिशियन्सी दोन टक्क्यांनी कशी वाढवायची यावर आम्ही सेमिनार देतो, पेपर प्रेझेंटेशनला जातो आणि मिळालेलं सर्टिफिकेट घरी फ्रेम करून लावतो. पण माणसाला रोज इतकं लांब जावंच का लागतं, हा प्रश्न आमच्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. तो सिव्हिलवाल्यांचा म्हणून आम्ही सोडून देतो, आणि सिव्हिलवाले तो नगरपालिकेचा म्हणून सोडून देतात.

इंधनबचतीवर सेमिनारची तयारी करताना मला ज्या माणसाचं नाव पुन्हा पुन्हा भेटत गेलं, तो इंजिनिअर नव्हताच. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. स्कॉटलंडचा. आधुनिक नगररचनाशास्त्र ज्या चार-दोन नावांपासून सुरू होतं त्यांपैकी एक म्हणजे सर पॅट्रिक गेडिस. जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजात हे नाव पहिल्या वर्षाला शिकवतात. हा माणूस 1919 ते 1924 अशी पाच वर्षं मुंबई विद्यापीठात शिकवत होता, आणि त्याची गादी ज्याने चालवली तो आपल्या कोकणातल्या मालवणचा होता, हे मात्र आपल्यापैकी फार जणांना ठाऊक नसतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हे सगळं मी इंग्रजीत वाचलं. मराठीत आणताना हॉस्टेलच्या मैत्रिणींना बराच त्रास दिला आहे. जे शब्द सोपे वाटतील ते त्यांचे समजा.

पॅट्रिकचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावचा. वडील सैन्यात होते. लहानपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवरच्या घरात गेलं. घराभोवती बाग, वर डोंगर, खाली नदी आणि नदीकाठी गाव. हे चित्र त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. घरच्यांच्या आग्रहाखातर त्याने काही काळ बँकेत नोकरी केली. मग एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातलं आणि एका आठवड्यात सोडून दिलं! वर्गात जिवंत झाडापेक्षा वाळवलेल्या झाडाची चिरफाड जास्त, असं त्याला वाटलं असावं. तिथून तो लंडनला टी. एच. हक्सले यांच्याकडे गेला. डार्विनचा सगळ्यात मोठा पाठीराखा म्हणून ज्यांची ख्याती होती ते हे हक्सले. त्यांच्याकडे तो शिकला, रमला, पण पदवी काही घेतली नाही. पुढे तीस वर्षं प्राध्यापकी केली तरी नावापुढे डिग्री नाहीच. (आमच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागात त्याचा बायोडेटा पहिल्याच फेरीत बाद झाला असता.)

1879 साली तो नमुने गोळा करायला मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याचे डोळे गेले. म्हणजे कायमचे नाही, पण कित्येक आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून पडून राहावं लागलं. वय पंचवीस. ज्याचं सगळं करिअर मायक्रोस्कोपवर उभं राहायचं होतं, त्याला हे केवढं मोठं संकट! दृष्टी परत आली, पण मायक्रोस्कोपवर तासन्‌तास बसणं संपलं ते संपलंच. त्या अंधारात हाताने खिडकीच्या तावदानांची चौकट चाचपताना त्याला एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालायच्या, चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना मांडून त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचा. आपण ज्याला मॅट्रिक्स म्हणतो तसंच काहीसं. या घड्यांच्या कागदांना तो विचारयंत्रं म्हणत असे. पुढे आयुष्यभर त्याच्या खिशात असे कागद असत आणि ते समोरच्याला समजत नसत!

सूक्ष्मदर्शकातून बघायची सोय गेली, तेव्हा गेडिस यांनी मोठ्या गोष्टींकडे बघायला सुरुवात केली. 1884 मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी अर्थशास्त्रावर एक निबंध मांडला. मला त्यांच्या सगळ्या कामात हाच सर्वात जवळचा वाटतो, कारण तो आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या भाषेत आहे. समाज म्हणजे पैशाचा नव्हे तर ऊर्जेचा आणि पदार्थाचा प्रवाह आहे, असं त्यांनी मांडलं. निसर्गातून ऊर्जा घ्यायची, तिच्यापासून वस्तू बनवायच्या, त्या वाहून न्यायच्या आणि वापरायच्या. खाणीत, कारखान्यात, वाहतुकीत, प्रत्येक टप्प्यावर काही ना काही वाया जातं. शेवटी माणसाच्या उपयोगी पडतं ते किती? आपण बॉयलरची हीट बॅलन्स शीट काढतो ना, तशी शीट त्यांना अख्ख्या समाजाची काढायची होती. तेव्हा मोटारगाडी बाजारात आलेलीही नव्हती हे लक्षात घ्या.

1886 मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवराबायको एडिंबराच्या जुन्या गावात, जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या इमारतीत राहायला गेले. ही त्या काळची झोपडपट्टीच म्हणायची. पैसेवाले केव्हाच नव्या, रुंद रस्त्यांच्या वस्तीत निघून गेले होते. प्राध्यापकाने तिथे घर करणं म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणा. या दोघांनी भिंतींना स्वतः चुना लावला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या, शेजाऱ्यांना कामाला लावलं. जुनं पाडून टाकायचं नाही. जे अगदीच सडलं आहे तेवढंच काढायचं, मधे हवा-उजेडाला जागा करायची, बाकीचं दुरुस्त करायचं. डॉक्टर पेशंटचा पाय दुखतो म्हणून पाय कापत नाही, तसंच हे. याच पद्धतीला पुढे त्यांच्या नावाने ओळखू लागले.

याच काळात, 1887 मध्ये, त्यांनी विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी हॉल नावाचं वसतिगृह सुरू केलं. स्कॉटलंडमधलं हे पहिलं विद्यार्थी वसतिगृह मानलं जातं आणि त्याचं वैशिष्ट्य असं की त्याला वॉर्डन नव्हता! मुलांनीच मेसपासून शिस्तीपर्यंत सगळं चालवायचं. हा परिच्छेद संपादक मंडळाने कापला तर त्याचं कारण हॉस्टेलवाल्यांनी समजून घ्यावं.

1892 मध्ये त्यांनी जुन्या एडिंबरात एक मनोरा ताब्यात घेतला. त्याचं नाव आउटलुक टॉवर. वरच्या घुमटात कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने बाहेरचं सबंध शहर एका पांढऱ्या टेबलावर हलताना दिसायचं. गेडिस पाहुण्यांना भराभर जिने चढायला लावून आधी तिथे नेत. मग एकेक मजला खाली. एडिंबरा शहर, स्कॉटलंड, मग युरोप आणि अगदी तळाला जग. आधी आपलं गाव डोळ्यांनी बघा, मग जगाच्या गप्पा मारा, हा त्यामागचा विचार. सर्व्हे आधी, प्लॅन नंतर, हे आज प्रत्येक सिव्हिलवाल्याला पाठ असलेलं सूत्र इथून रुजलं.

त्यांची आणखी एक आकृती आपल्याला फार जवळची वाटेल. तिला ते खोऱ्याचा छेद म्हणत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक आडवा काप घ्या. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, जरा खाली शिकारी आणि मेंढपाळ, मग शेतकरी, माळी आणि शेवटी किनाऱ्यावर कोळी. प्रत्येकाचं काम जागेने ठरवलेलं, आणि कामाने त्याचं घर, त्याचं गाव ठरवलेलं. जागा, काम आणि माणसं ही तीन चाकं एकमेकांत अडकलेली आहेत, एकाला हात लावला की बाकीची दोन फिरणारच. हे वाचलं तेव्हा मला आपली काजळी नदी आठवली. आंबा घाटाच्या बाजूने निघून साखरप्यावरून भाट्याच्या खाडीला मिळेपर्यंत ती हाच सगळा छेद काढते. वर धनगरवाडे, मग भातशेती, मग आंबा-काजूच्या बागा, शेवटी मच्छीमारांची वस्ती. गेडिस इथे आले असते तर त्यांना आकृती काढायचेही कष्ट पडले नसते.

1888 पासून ते डंडी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नोकरी अशी की शिकवायचं फक्त उन्हाळ्याच्या सत्रात. उरलेलं वर्ष मोकळं, आणि ते सगळं त्यांनी शहरांना दिलं. 1915 मध्ये त्यांचं शहरांच्या उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. इंग्लंडच्या कोळसापट्ट्यात गावं इतकी पसरत चालली होती की एकाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळेना. अशा एकमेकांत मिसळलेल्या शहरांना नावच नव्हतं. ते गेडिस यांनी दिलं, कॉनर्बेशन. आज भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द आपण पाठ करतो तो त्यांचा. टिपकागदावर शाई पसरावी किंवा कपड्यावर तेलाचा डाग पसरावा तशी शहरं पसरत आहेत, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यापेक्षा शहराने ताऱ्यासारखं किंवा फुलासारखं वाढावं. काही ठरावीक दिशांना किरण निघावेत आणि दोन किरणांच्या मधे शेत, रान, बाग शिल्लक राहावी.

यातली गंमत मला कळायला वेळ लागला. प्रश्न नुसता सुंदर दिसण्याचा नाही. आपण साधा हिशोब करून बघू. समजा एक जण घरापासून आठ किलोमीटरवर कामाला जातो. जाऊन-येऊन सोळा. वर्षाचे 300 दिवस धरले तर 4800 किलोमीटर. गाडी 50 चं ॲव्हरेज देत असेल तर 96 लिटर पेट्रोल. आता आम्ही मेकॅनिकलवाल्यांनी जिवाचं रान करून ॲव्हरेज 60 वर नेलं, तर लागेल 80 लिटर. वाचले 16. तेच अंतर आठाऐवजी चार किलोमीटर असतं तर जुन्याच इंजिनावर 48 लिटर वाचले असते. आणि दीड-दोनच किलोमीटर असतं तर तो गृहस्थ बहुतेक चालत किंवा सायकलने गेला असता, आणि ॲव्हरेजचा विषयच संपला असता.

दुसरी गोष्ट एसटीची. बस एका लिटर डिझेलमध्ये चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे गाडी म्हणून बघितली तर फारच खादाड. पण तिच्यात चाळीस माणसं असली की एका माणसाला एका लिटरमध्ये दीडशे-दोनशे किलोमीटर नेल्यासारखं होतं. पाचच माणसं असली की तेच गणित वीस-पंचवीसवर येतं आणि बाईकपेक्षा वाईट ठरतं. बस भरायला काय लागतं? तर एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना, चालत येण्याच्या टप्प्यात, पुरेशी माणसं. ताऱ्याच्या किरणावर ती मिळतात, तेलाच्या डागात मिळत नाहीत. कोणतं वाहन परवडेल हे असं गावाचा आकार आधीच ठरवून टाकतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. पुढे कितीतरी वर्षांनी न्यूमन आणि केनवर्दी या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जगातल्या 32 शहरांचे 1980 चे आकडे गोळा करून 1989 मध्ये पुस्तक काढलं. पसरट अमेरिकन शहरांतला माणूस युरोपियन शहरातल्या माणसाच्या चौपटीहून जास्त पेट्रोल वापरत होता, आणि टोकियो, सिंगापूर, हाँगकाँग यांच्या सरासरीच्या जवळपास दहापट! पेट्रोलची किंमत आणि लोकांचं उत्पन्न हिशोबात धरूनही बराच फरक उरतो, आणि तो शहराच्या घडणीमुळे पडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे वादही पुष्कळ झाले. पण दिशा बहुतेकांनी मान्य केली.

गेडिस भारतात आले ते 1914 मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून. सोबत त्यांचं शहरांचं मोठं प्रदर्शन यायचं होतं. नकाशे, चित्रं, आकृत्या, कित्येक वर्षांची मेहनत. ते सगळं क्लॅन ग्रँट या वेगळ्या बोटीने येत होतं. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं आणि एम्डेन ही जर्मन युद्धनौका हिंदी महासागरात धुमाकूळ घालत होती. तिने क्लॅन ग्रँट बुडवली. प्रदर्शन समुद्राच्या तळाशी! साठ वर्षांच्या माणसाने डोक्याला हात लावून बसावं असा प्रसंग. गेडिस यांनी मित्रांना पत्रं लिहिली, नवे नकाशे मागवले आणि काही महिन्यांत मद्रासला प्रदर्शन उभंही केलं.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी भारतातल्या कितीतरी शहरांवर अहवाल लिहिले. तंजावर, मदुराई, बडोदा, लखनौ, लाहोर, इंदूर... 1915 मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवरही. त्यांची पद्धत एकच. चालायचं. सकाळी गल्लीबोळातून निघायचं, प्रत्येक विहीर, पार, देऊळ, पडकी भिंत टिपून घ्यायची. तेव्हाच्या इंजिनिअर मंडळींची पद्धत वेगळी होती. टेबलावर नकाशा पसरायचा, पट्टी ठेवायची आणि जुन्या वस्तीच्या मधून सरळ रुंद रस्ता आखायचा. मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो अशीच कामं करत होता. यावर गेडिस फार चिडत. रस्ता झाला, पण ज्यांची घरं गेली ती माणसं कुठे गेली? ती हवेत विरत नाहीत. एकतर शेजारच्या आधीच गच्च भरलेल्या चाळीत घुसतात, नाहीतर कामापासून लांब फेकली जातात आणि त्यांचा रोजचा वेळ आणि घाम रस्त्यात जातो. तंजावरमध्ये त्यांनी दाखवून दिलं की काही बोळ थोडे रुंद केले, दोन-चार मोडकी घरं काढून चौक केला, तर आखलेल्या रस्त्याची गरजच उरत नाही, आणि खर्च तर कितीतरी कमी येतो. ड्रॉइंग शीटवर टी-स्क्वेअर ठेवून रेघ मारताना आपल्याला त्या रेघेखाली कोण राहतं ते दिसत नाही. मला तर एव्हापासून प्रत्येक रेघेची धास्ती वाटायला लागली आहे.

इंदूरची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण ती होळकरांच्या राज्यातली आहे. तिथे प्लेग होता. हा दाढीवाला म्हातारा साहेब नकाशा घेऊन गल्लीत दिसला की लोक दारं लावून घेत. साहेबच प्लेग आणतो असा समज पसरला होता. गेडिस यांनी सरकारकडून एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दवंडी पिटवली की या वर्षीची सणाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त साफसूफ आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्याने जाईल. झालं! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. घाणीच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भला मोठा उंदीर होता आणि शेवटी सगळं जाळून टाकण्यात आलं. तुळशीची रोपं वाटली गेली. साहेब एकदम लोकांचा झाला. आता प्लेग ओसरला तो मिरवणुकीने की ऋतू बदलल्याने, हे मी ठामपणे सांगणार नाही, पण लोकांकडून काम करून घेण्याची ही तऱ्हा आपल्या एनएसएसच्या कॅम्पला वापरून बघण्यासारखी आहे.

बाहेरून हे सगळं असं धडाक्यात चाललेलं असताना घरात काय झालं ते वाचून मन सुन्न होतं. एप्रिल 1917 मध्ये मोठा मुलगा ॲलास्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. त्याच वेळी ॲना भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. बायकोच्या उशाशी बसायचं, मुलाविषयी ती विचारेल तेव्हा चेहरा सरळ ठेवायचा आणि बाहेर येऊन पुन्हा अहवाल लिहायचे. जूनमध्ये कलकत्त्याला ॲना गेल्या. मुलगा गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोनच महिन्यांत दोन्ही माणसं गेली. इंदूरचा दोन खंडी अहवाल, जो त्यांचा सर्वोत्तम मानतात, त्यानंतरच्या वर्षातला आहे.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांची लेक्चर्स ऐकायला अवघड असत. दाढीत पुटपुटल्यासारखं बोलणं आणि विषय कुठून कुठे जाईल नेम नाही. पण पारख उत्तम. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्यांच्यासाठी मुंबई शहरावर निबंध लिहिला आणि त्यातून त्यांना इंग्लंडला शिकायला जाण्याची वाट मिळाली. परत आल्यावर 1924 मध्ये घुर्ये यांनी तो विभाग हाती घेतला आणि पुढे भारतीय समाजशास्त्राचे आद्य पुरुष म्हणून ते ओळखले गेले. मालवण तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं बरं का! सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये.

मुंबईत गेडिस ज्या काळात होते, त्या काळात गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं राबत होती. बोटीने गेलेली. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर चाळ, आणि चाळीतून पायी गिरणीत. वाहतुकीला लागणारं इंधन म्हणजे फक्त भाकरी! पण या गोष्टीचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. एका खोलीत दहा-दहा, वीस-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. अंतर कमी आहे म्हणून माणसं कोंबा, असं गेडिस कधीच म्हणाले नसते. त्यांना काम जवळ हवं होतं आणि हवा-उजेडही हवा होता, आणि तेच अवघड आहे. कोळशाच्या धुराचं युग जाऊन विजेचं युग येईल अशी त्यांना आशा होती. त्यांचं पुस्तक आलं त्याच 1915 साली खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ते मुंबई सोडून गेले आणि लगेच 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली. मुंबई उपनगरांकडे वाढली ती रुळांना धरून, म्हणजे किरणासारखी, आणि म्हणूनच एवढं अवाढव्य शहर लोकलवर चालू शकतं. हे कुणी गेडिस वाचून केलं नव्हतं. बेट अरुंद होतं, एवढंच.

आता आपल्या रत्नागिरीकडे बघा. कोकणातली वाडी मुळातच विखुरलेली. एक घर इथे, एक त्या आगरात, एक वहाळापलीकडे. विखुरलेपण म्हणजे इंधनाची नासाडी असं मानलं तर कोकण कधीच कंगाल व्हायला हवं होतं. पण झालं नाही, कारण शेत दारात, विहीर परड्यात, देऊळ हाकेच्या अंतरावर. काम आणि घर एकत्र होतं. घरं आजही तिथेच आहेत. काम मात्र एमआयडीसीत गेलं, शाळा शहरात, बाजार मारुती मंदिरला आणि रेल्वे स्टेशन कुवारबावला. वाडी तीच, फक्त आता प्रत्येक घरासमोर दोन बाईक. गेडिस यांच्या तीन चाकांपैकी कामाचं चाक सरकलं आणि बाकीची दोन पेट्रोलवर फिरायला लागली.

शहराचंही तेच. मांडवी, राम आळी, गोखले नाका, हे जुनं गाव पायी फिरण्याच्या मापाचं आहे. तिथून जयस्तंभ, माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव आणि पुढे हातखंब्यापर्यंत एकच एक रस्ता. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, स्टेशन गावापासून कित्येक किलोमीटर दूर, आणि शहर त्या दिशेला ओढलं गेलं. आता या एका रस्त्याला धरून वस्ती राहिली तर तो ताऱ्याचा एक चांगला किरण होईल आणि शहर बससेवा भरून चालेल. पण नाचणे, मिरजोळे, शिरगाव या बाजूंना जिथे प्लॉट स्वस्त तिथे बिल्डिंग, असं चाललंय. एक बिल्डिंग, मधे आंब्याची बाग, मग पुन्हा एक बिल्डिंग. तिथे बस जाऊन थांबेल कुठे आणि कुणासाठी? मेसमध्ये हा विषय निघाला की वाद होतात. फ्लायओव्हर बांधा म्हणणारे एका बाजूला, इलेक्ट्रिक स्कूटर आल्या की प्रश्न मिटला म्हणणारे दुसऱ्या बाजूला. स्कूटर विजेची झाली तरी सोळा किलोमीटर सोळाच राहतात, एवढंच माझं म्हणणं. उलट कोकण रेल्वेकडे बघा. 1999 पासून रो-रो सेवेत भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेतात, आणि 2022 मध्ये सबंध मार्गाचं विद्युतीकरणही पूर्ण झालं. लांबच्या प्रवासाची ऊर्जा आपण वाचवायला शिकलो. स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या सात किलोमीटरचं काय, ते मात्र रिक्षावाल्यालाच विचारावं लागतं.

मुंबईत गेडिस यांची तब्येत ढासळली. 1923 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले होते तेव्हा लुई ममफर्ड हा तरुण लेखक त्यांना पहिल्यांदा भेटला. त्याला बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याच्यात त्यांना ॲलास्डेअर दिसला. त्याने आपला मुलगाच व्हावं असं त्यांना वाटू लागलं. बिचारा ममफर्ड गोंधळून गेला. पुत्र व्हायला तो तयार नव्हता, शिष्य मात्र झाला. शहरांच्या इतिहासावरची त्याची पुस्तकं जगभर गाजली आणि स्वतःच्या मुलाचं नाव त्याने गेडिस ठेवलं.

1924 मध्ये मुंबई सोडून ते दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए इथे राहायला गेले आणि तिथेही एक विद्यार्थी वसतिगृह बांधायला घेतलं! 1925 मध्ये तेल अवीव शहराची योजना केली. मोठे रस्ते रहदारीला, त्यांच्या आतल्या बाजूला छोटे घरगुती रस्ते आणि प्रत्येक चौकोनाच्या पोटात बाग, म्हणजे रोजच्या कामाला पायी जाता यावं. त्यांच्या योजनांपैकी सर्वात जास्त प्रत्यक्षात उतरली ती हीच. भारतातल्या बहुतेक अहवालांच्या नशिबी फायलीच आल्या.

1912 मध्ये देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली होती. 1932 च्या सुरुवातीला ती त्यांनी स्वीकारली आणि ऐन थंडीत त्यासाठी लंडनला गेले. ती थंडी त्यांना बाधली. 17 एप्रिल 1932 ला माँपेलिएत त्यांचं निधन झालं. भारतातल्या अहवालांतले निवडक भाग एकत्र करून जॅकलिन टिर्‌व्हिट यांनी पुस्तक काढलं ते 1947 मध्ये. मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांचा अहवाल महाराष्ट्र शासनाने 1965 मध्ये पुन्हा छापला, म्हणजे तो लिहिला गेल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.